दाबणं सोपं, सोडणं कठीण

(फुलचूर, जि. गोंदिया इथे झालेल्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी हयातभर एसटी चालवली. म्हणून यंदा गाडी हाकण्याच्या कसबावरच बोलावं, असं आयोजकांनी सुचवलं आणि मी लगेच होकार दिला. आपल्याकडे व्याख्यानं संतांवर होतात, पुढाऱ्यांवर होतात, पुस्तकांवर होतात. हातापायांच्या विद्येवर फारशी होत नाहीत. आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे: शर्यतीतले सगळ्यात वेगवान चालक इतरांपेक्षा वेगळं नेमकं काय करतात?

हा प्रश्न झाडीपट्टीला परका नाही. धान घरात आलं की आपल्याकडे शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे दिवस सुरू होतात. दिवसा पट, रात्री नाटक. पटाच्या कडेला उभे राहून दोन जोड्या सुटताना आपण सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत, आणि जाणती माणसं बैलांइतकंच ते हाकणाऱ्या धुरकऱ्याकडे का बघतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. जोडी तीच, छकडा तोच, पट तोच. धुरकरी बदलला की सेकंद बदलतात. मोटारीच्या शर्यतीतही हाच अनुभव आहे. पटाकडे मी पुढे येईन. आधी मोटारीकडे जाऊ, कारण तिथं चालकाची प्रत्येक हालचाल यंत्रं नोंदवून ठेवतात आणि फरक कागदावर दाखवता येतो.

लोक साधारण तीन उत्तरं देतात. पहिलं, गाडी भारी असते. दुसरं, माणूस धाडसी असतो. तिसरं, त्याची नजर आणि हातपाय विजेसारखे चालतात. तिन्हींत थोडं थोडं खरं आहे, पण एकानंही काम भागत नाही.

गाडीचं आधी बघू. 1988 साली मॅक्लारेन संघाची गाडी फॉर्म्युला वनमध्ये अशी काही जमून आली होती की वर्षभरातल्या 16 पैकी 15 शर्यती त्यांनीच जिंकल्या. ब्राझीलच्या आयर्टन सेनानं आठ, फ्रान्सच्या अलँ प्रोस्तनं सात. म्हणजे गाडी भारी होतीच. पण त्याच वर्षी मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर सुरुवातीची जागा ठरवणारी फेरी झाली, तेव्हा त्याच गाडीत सेना प्रोस्तपेक्षा 1.427 सेकंदांनी वेगवान ठरला. जिथं दशांशाचे आणि शतांशाचे हिशेब चालतात, तिथं सव्वातीन किलोमीटरच्या एका फेरीत जवळपास दीड सेकंद! आणि प्रोस्त काही साधासुधा चालक नव्हता. पुढं त्याच्या नावावर चार जगज्जेतेपदं लागली.

धाडसाचं काय? शर्यत शिकवणाऱ्या कोणत्याही शाळेत पहिल्या दिवशी धाडसी मुलं डझनभर असतात. वळणाला सगळ्यात उशिरा ब्रेक लावण्याची त्यांच्यात चढाओढ लागते, आणि त्यातली निम्मी वळण चुकवून खडीत जाऊन थांबतात. घड्याळ बघितलं तर त्यांच्या आधी ब्रेक लावणारा, शांतपणे वळणारा मुलगा पुढं असतो.

राहिली विजेसारखी चपळाई. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर हातपाय हलायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. ताशी 250 किलोमीटर वेगात गाडी तेवढ्या वेळात सुमारे 14 मीटर पुढं गेलेली असते. म्हणजे जे दिसलं त्यावर उपाय करायला जाल, तर ते ठिकाण मागं पडलेलं असतं. नुसत्या चपळाईच्या भरवशावर एवढ्या वेगात एक वळणही निभत नाही. जे व्हायचंय ते आधी कळावं लागतं.

मग फरक कुठं सापडतो? प्रशिक्षक दोन चालकांच्या नोंदींचे आलेख एकावर एक ठेवतात. सरळ रस्त्यावर दोन्ही रेघा जुळतात; तिथं पाय दाबून बसायचं असतं, ते कुणालाही जमतं. ब्रेक दाबण्याची जागाही बहुधा थोड्याफार फरकानं तीच असते. रेघा वेगळ्या होतात त्या ब्रेक सोडताना. बरा चालक ब्रेक सोडतो तेव्हा रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. उत्तम चालकाची रेघ वळणाच्या पोटापर्यंत हळूहळू उतरत जाते. आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे. दाबणं सोपं असतं. सोडण्यात विद्या असते.

हे असं का, ते समजून घ्यायला टायरपाशी जावं लागेल. गाडी कितीही मोठी असो, तिचा रस्त्याशी संबंध चार ठिकाणी येतो, आणि साध्या मोटारीत त्यातलं प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं असतं. वेग वाढवणं, थांबणं, वळणं ही सगळी कामं त्या चार तळहातांनी करायची. त्यांच्या पकडीला मर्यादा आहे. सगळी पकड ब्रेकमध्ये खर्च केली तर वळायला काही उरत नाही. चाक वळवलेलं असतं आणि गाडी सरळच जाते. पावसात दुचाकी घसरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता यातली गंमत बघा. समजा, टायरची 70 टक्के ताकद ब्रेकला दिली, तर वळायला किती उरते? आपण पटकन म्हणू, 30. ते बरोबर नाही. ब्रेकचा जोर मागच्या दिशेनं असतो आणि वळणाचा बाजूला. दोन्ही एकमेकांना काटकोनात असल्यानं त्यांची साधी वजाबाकी होत नाही. शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत लावावा लागतो. तो लावला तर वळायला जवळपास 71 टक्के ताकद उरते. ब्रेकला 90 टक्के दिली तर उरते 44. पूर्ण 100 दिली तर शून्य. म्हणजे ब्रेकची शेवटची दहा टक्केच सगळ्यात महाग पडतात. तेवढी सोडली की वळण्याची बरीचशी ताकद परत मिळते.

नवखा चालक दोनपैकी एक करतो. एक तर वळण येईपर्यंत ब्रेक पूर्ण दाबून धरतो आणि मग गाडी वळत नाही. नाही तर घाबरून सरळ रस्त्यावरच ब्रेकचं काम संपवतो, पाय उचलतो आणि मग वळतो. दुसरी पद्धत सुरक्षित आहे, आपल्या रस्त्यांवर तीच योग्य आहे. पण शर्यतीत तिच्यात टायरची बरीच ताकद वाया जाते. सगळ्यात वेगवान चालक ब्रेक थोडा सोडतो आणि तेवढंच चाक वळवतो, आणखी थोडा सोडतो, आणखी वळवतो. एक काम कमी होतं तसतसं दुसरं वाढतं, आणि टायर एक क्षणही रिकामा राहत नाही.

यात वजनाचाही खेळ आहे. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो. भार आला की त्यांची पकड वाढते आणि मागच्यांची कमी होते. ब्रेक झटक्यात सोडला तर पुढचा भार उडतो, आणि ज्या क्षणी पुढच्या चाकांनी वळवायला सुरुवात करायची, नेमक्या त्याच क्षणी ती हलकी होतात. हळूहळू सोडला तर भार पुढं राहतो आणि गाडीचं नाक वळणात शिरतं. म्हणजे जाणता चालक ब्रेकचा उपयोग थांबण्याबरोबर गाडी वळवण्यासाठीही करतो.

फॉर्म्युला वनच्या गाडीत यावर आणखी एक थर चढतो. तिचे पंख गाडीला हवेच्या जोरानं खाली दाबतात, आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग 300 वरून 150 वर आला की दाब चौथाईवर येतो. त्यामुळं पायाचा पहिला घाव पूर्ण ताकदीनं बसला पाहिजे, कारण त्या वेळी पकड सगळ्यात जास्त असते. त्यानंतर जशी पकड कमी होईल तसा पायही कमी झाला पाहिजे, नाही तर चाक जागीच अडकतं. आपल्या नव्या मोटारींत हे काम एबीएस करतं. फॉर्म्युला वनमध्ये 1994 पासून त्याला बंदी आहे. तिथं हे काम माणसाच्या पायानंच करायचं असतं.

पकड संपत आली हे कळतं कसं? टायर गमतीदार असतो. पूर्ण पकडीच्या वेळी तो जरासा घसरतच असतो. चाकाचं तोंड एका दिशेला आणि गाडीची खरी वाट तिच्यापासून काही अंश बाजूला. हा कोन वाढत जातो तशी बाजूची पकड वाढते, एका जागी शिगेला पोहोचते आणि मग उतरते. त्या शिगेच्या जरासं अलीकडेच स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागतं, कारण चाकाला सरळ करू पाहणारा जोर पकडीच्या आधीच ओसरतो. टायर अशा रीतीनं आगाऊ सूचना देतो. साधारण चालकाला ती गाडी घसरल्यावर कळते. उत्तम चालक तिथंच थांबतो, पुढं मागत नाही. त्याच्या हातांकडे बघितलं तर अगदी बारीक हालचाली दिसतात, पण त्या सतत चालू असतात. मोठे झटके दिसले की समजावं, सूचना हुकली.

आपल्याकडे बिरसीच्या विमानतळावर वैमानिक घडतात. तिथल्या विद्यार्थ्यांना ढगात शिरल्यावर उलटं शिकवतात: शरीराला काय वाटतंय त्यावर विश्वास ठेवू नकोस, समोरच्या यंत्रांवर ठेव. ढगात डोळ्यांना क्षितिज नसतं आणि कानातलं तोलाचं इंद्रिय फसवतं. शर्यतीच्या चालकाला मात्र यंत्रं बघायला वेळच नसतो. बैठक, हात, पाय आणि मान हीच त्याची यंत्रं. त्याचा सगळा रियाज ही इंद्रियं खरं सांगू लागावीत म्हणून असतो.

हे ज्ञान किती बारीक असू शकतं याची एक हकिकत आहे. 1984 साली अमेरिकेत डॅलस इथं शर्यत झाली. सेना तेव्हा नवखा होता, टोलमन नावाच्या लहान संघात. त्याची गाडी काँक्रीटच्या कठड्याला घासली. परत आल्यावर तो अभियंता पॅट सायमंड्स यांना म्हणाला, कठडा जागेवरून हलला असला पाहिजे. आता हे कोण मान्य करणार? पण तो हट्टाला पेटला, तेव्हा दोघं चालत तिथं गेले. आधी कुणाच्या तरी गाडीचा धक्का लागून काँक्रीटचा एक ठोकळा काही मिलिमीटर बाहेर आला होता. फेरीमागून फेरी सेना त्या भिंतीपासून तेवढ्याच अंतरावरून जात होता, म्हणून भिंत हलल्याचं त्याला कळलं. सायमंड्स यांनी ही गोष्ट पुढं अनेकदा सांगितली आहे. अंतर नेहमी तेवढंच राहतं, म्हणूनच ते बदलल्यावर ध्यानात येतं. सातत्य नसेल तर सूक्ष्म जाणीवही कामाची नाही.

डोळ्यांचंही तसंच. 2001 साली ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी, लँड आणि टॅटलर यांनी, टॉमस शेक्टर या चालकाच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की त्याची मान ज्या प्रमाणात वळते, त्याच प्रमाणात गाडी साधारण एका सेकंदानंतर वळते. म्हणजे तो एक सेकंद पुढं जगत होता. मघाशी म्हटलेले 0.2 सेकंद त्याला पुरतात ते यामुळं.

पकडीइतकीच वाटही महत्त्वाची. वळण जितकं मोठ्या वर्तुळात घ्याल तितका वेग राखता येतो. कोरड्या रस्त्यावर 50 मीटर त्रिज्येचं वळण साधारण ताशी 80 किलोमीटरनं निघत असेल, तर रस्त्याची पूर्ण रुंदी वापरून त्याच वळणाची त्रिज्या 60 मीटर केली की वेग जवळपास 88 वर जातो. टायर तोच, इंजिन तेच. आणि वळणातून बाहेर पडताना मिळालेला जादा वेग पुढच्या सगळ्या सरळ रस्त्यावर सोबत येतो. एक किलोमीटरच्या पट्टीवर ताशी 200 ऐवजी 202 किलोमीटर वेग राहिला तर सुमारे 0.18 सेकंद वाचतात. म्हणून जाणते चालक वळणात शिरताना थोडं सोडतात आणि निघताना दामदुपटीनं वसूल करतात.

आता ताकदीविषयी. स्कॉटलंडचा जॅकी स्टुअर्ट तीन वेळा जगज्जेता झाला. ऑगस्ट 1968 मध्ये जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर तो उतरला, तेव्हा त्याच्या मनगटाचं दुखणं बरं झालेलं नव्हतं. त्यात 22 किलोमीटरपेक्षा लांब डोंगरी फेरी, मुसळधार पाऊस आणि दाट धुकं. हातात जोर लावायची सोयच नव्हती. त्यानं ती शर्यत चार मिनिटांहून अधिक फरकानं जिंकली. त्याचे पावसाळी टायर चांगले होते हे मान्यच करायला हवं. पण चार मिनिटं नुसत्या टायरनं मिळत नाहीत. गाडीला काही करायला भाग पाडण्यापेक्षा तिला ते करू द्यावं, हा त्याचा धडा तो आयुष्यभर सांगत आला.

पावसात ही विद्या उघडी पडते, कारण इंजिनाची ताकद तिथं कामाला येत नाही. कोरड्यात रोज वापरलेली वाट रबर बसून गुळगुळीत झालेली असते. पाऊस पडला की तीच सगळ्यात निसरडी. 1993 मध्ये डॉनिंग्टनला सेना चौथ्या जागेवरून सुटला, पाचवा झाला आणि पहिली फेरी संपायच्या आत सगळ्यांच्या पुढं होता. नेहमीची वाट सोडून पकड शोधत तो कडेकडेनं गेला. मायकेल शूमाकरनं 1996 मध्ये स्पेनच्या पावसात आणि लुईस हॅमिल्टननं 2008 मध्ये सिल्व्हरस्टोनच्या पावसात असंच केलं. हॅमिल्टन त्या दिवशी 68 सेकंदांच्या फरकानं जिंकला.

याचा अर्थ सगळे एकाच तऱ्हेनं चालवतात असा नाही. सेना वळणातही ॲक्सिलरेटरवर पायानं भराभर टिचक्या मारायचा. प्रोस्त इतका संथ दिसायचा की तो जोरात चाललाय हे घड्याळ बघूनच पटायचं. 2005 च्या सुमारास फर्नांडो अलोन्सो त्याच्या रेनॉच्या स्वभावाला धरून चाक एकदम वळवायचा. रीती वेगळ्या, पण पकडीच्या काठावर थांबणं तिघांचं सारखं. आणि थांबणं सुटलं की सेनाचीही सुटका नव्हती. मोनॅकोच्या ज्या फेरीची गोष्ट मी सांगितली, तिच्या दुसऱ्याच दिवशी शर्यतीत तो प्रोस्तच्या जवळजवळ 50 सेकंद पुढं होता. 67 व्या फेरीत, एकाग्रता ढळून, तो कठड्यावर आदळला. प्रोस्त जिंकला. शर्यत वेगानं जिंकायची असते तशी वेग राखूनही जिंकायची असते.

आता पटाकडे येतो. छकड्याला ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. आहे तो कासरा, आवाज आणि धुरकऱ्याच्या अंगाचा तोल. जोडीतले दोन बैल कधीच एकसारखे नसतात. एक पुढं ओढतो, दुसरा अर्धं पाऊल मागं राहतो, आणि जू तिरपं होतं. तिरप्या जुवानं दोघांचाही जोर वाया जातो. कच्चा धुरकरी मागच्याला हाणतो. जाणता धुरकरी पुढच्याचा कासरा किंचित धरतो, मागच्याचा सैल सोडतो, आणि जू सरळ झालं की दोन्ही सोडून देतो. तळेगाव दशासरच्या पटात बायकाही धुरकरी म्हणून उतरतात. ताकदीचाच मामला असता तर हे झालं नसतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालानं पट बंद झाले. राज्यानं 2017 मध्ये कायदा केला, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयानं अटींवर परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. बैलाला काठी, चाबूक, टोचायची तुतारी लावायची नाही, विजेचा धक्का द्यायचा नाही, हे त्यातलं सार. काही शौकिनांना वाटतं, यानं पटाची मजा गेली. मला उलट वाटतं. तुतारी हातात असली की कोणीही बैल पळवू शकतो. ती काढून घेतली की धुरकऱ्यापाशी काय आहे ते दिसतं. आणि इथं मोटारीत आणि पटात एक मोठा फरक आहे, तो विसरता कामा नये. टायर झिजला तर बदलता येतो. बैलाच्या सोसण्याची हद्द त्याच्या अंगात असते, ती धुरकऱ्यानं ओळखायची आणि तिच्या अलीकडे थांबायचं. ज्याला ते कळत नाही त्याचे सेकंद कितीही कमी आले तरी तो धुरकरी नव्हे.

हे कसब उपजत असतं की शिकता येतं? उपजत कुवत लागतेच. पण मुंबईच्या जेहान दारूवालानं सुरुवात केली ती लहानपणी, गो-कार्टमध्ये. डिसेंबर 2020 मध्ये बहारीनला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. कार्ट दिसायला खेळणं. तिला स्प्रिंग नाहीत, डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर, एकाच गतीनं फिरतात. वळायचं तर आतलं मागचं चाक क्षणभर उचलावंच लागतं, आणि ते भार इकडून तिकडं कसा टाकता यावर ठरतं. पोर दहा वर्षांचं असताना हे त्याच्या अंगात मुरतं. आपल्या राज्यात आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला शर्यतींचा ट्रॅक नाही, पण कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, आणि शिकायला तो पुरतो. पुण्याच्या डायना पंडोले शिक्षिका होत्या. 2024 मध्ये पुरुषांबरोबर धावून त्यांनी सलून गाड्यांचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. असं करणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या महिला.

समोर बसलेल्या तरुणांना एक स्पष्ट सांगतो. काठावर गाडी नेणं हे बंद ट्रॅकचं काम आहे, जिथं समोरून ट्रॅक्टर येत नाही आणि चुकलात तर खडीत जाऊन थांबता. आमगाव किंवा गोरेगावच्या रस्त्यावर चुकीला जागा नसते, आणि ती चूक बहुधा दुसऱ्याच्या घरी जाऊन पोहोचते. पण या चालकांकडून रस्त्यावर घेण्यासारखं पुष्कळ आहे. नजर लांब ठेवा. वळणाच्या आधीच वेग कमी करा. पाऊस सुरू झाला की पहिली काही मिनिटं रस्ता सगळ्यात निसरडा असतो हे ध्यानात ठेवा. टायरची हवा आणि झीज बघा, कारण तुमचा आणि रस्त्याचा संबंध त्या तळहातांपुरताच आहे. आणि ब्रेक असा सोडा की मागं बसलेल्या म्हातारीला गाडी थांबल्याचं कळू नये.

चांगला चालक ओळखायचा कसा, हे मला कुणी विचारलं तर मी त्याचा वेग बघणार नाही. प्रवासात त्याला किती वेळा सावरावं लागलं, ते मोजेन. ज्याला सतत सावरावं लागतं त्याला पुढचं उशिरा कळत असतं, मग तो ट्रॅकवर असो, पटावर असो की एसटीच्या सीटवर. ज्याला आधी कळतं त्याला फार काही करावं लागत नाही, आणि शर्यतीत तोच पहिला येतो.

 आता प्रश्न विचारा. पटातले जाणकार बसले आहेत, त्यांनी मला दुरुस्तही करावं.